दारावरचा साठ

आस्लाकच्या चुलीघराचं दार लावून घेतल्याशिवाय वाचता येत नाही. सगळं आतल्या बाजूला लिहिलंय, पेन्सिलीने, चार पिढ्यांच्या हाताचं. किती पोती माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेला जव, किती तास उकळलं, बर्फ होता की नव्हता, बिअरचं विरजण कोणाच्या घरचं. आजोबांनी एका नाताळच्या नोंदीखाली नुसतं ‘बरी’ एवढंच लिहून ठेवलंय, आणि त्या घरात कुणी कुणाच्या बिअरची याहून मोठी स्तुती केल्याचं ऐकिवात नाही. दारावर खोडायचं नाही, हा नियम. चुकलं तर चुकलं. खाली नवी ओळ लिहायची.

आस्लाक एकतीस वर्षं वीज कंपनीत मीटर वाचायला होता. नॉर्वेतल्या वोसच्या त्या डोंगरउतारावरचं प्रत्येक तळघर त्याने पाहिलं होतं. मीटरला चुंबक लावणारे पाहिले, मीटरवर कांबळं टाकणारे पाहिले, मीटरपुढे आजीला खुर्ची टाकून बसवणारेही पाहिले. कुणी कॉफी पुढे केली की तो आधी मीटर बघायचा, मग कॉफी. वेलदोड्याचा पावही आला तर मीटर दोनदा बघायचा. माणूस बोलतो, आकडा बोलत नाही, म्हणून आकड्यावर विश्वास ठेवावा, एवढं एक शहाणपण त्याने नोकरीतून घरी आणलं. बोर्गहिल्ड, त्याची बायको, म्हणायची, “मी मेल्यावर तू माझी नाडी दोनदा बघशील.” चार वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा त्याने खरंच दोनदा बघितली.

त्या उतारावर बिअर घरोघरी होते आणि तिचं यीस्टही घरोघरचं. आपल्या विरजणासारखंच त्याचं. मागच्या खेपेचं तळातलं काढायचं, वाळवायचं, बरणीत जपायचं. शेजारणीचं नासलं तर तिला द्यायचं, आपलं नासलं तर तिच्याकडून आणायचं. आस्लाकच्या घरच्या विरजणाला संत्र्याच्या सालीचा वास. त्याच्या पणजीपासून तोच.

जुलैमध्ये तो लेकीकडे, इंगविल्डकडे, बर्गेनला गेला होता. इकडे वीज पडली, तार तुटली आणि त्याचा फ्रीजर पाच दिवस बंद राहिला. परत आला तेव्हा विरजणाच्या बरण्यांना ओल्या मोज्यांचा वास येत होता. आयुष्यभर ज्या कंपनीचे मीटर वाचले तिच्याच तारेने दगा द्यावा, यात त्याला काहीतरी काळंबेरं दिसलं, पण तक्रार कुणाकडे करणार? तो ओढा ओलांडून सिन्नेवाकडे गेला.

सिन्नेवा त्याच्याच वयाची. शाळेत दोघं एका बाकावर होते, आणि तेव्हाही आस्लाक घरी जाताना तिला “खोडरबर परत केलंस का?” विचारायचा. आणि खोडरबर असायचं तिचंच. नऊ वर्षांपूर्वी सिन्नेवाचं विरजण मेलं तेव्हा बोर्गहिल्डने आपल्यातलं तिला दिलं होतं, जॅमच्या बरणीतून. सिन्नेवाने आता तीच बरणी पुढे केली. झाकणावर अजून बोर्गहिल्डच्या अक्षरात ‘स्ट्रॉबेरी’.

“घे. तुमचंच आहे.”

आस्लाकने झाकण उघडून वास घेतला. संत्र्याची साल. अगदी बरोबर. इतकं बरोबर, की त्याला जरा खटकलं.

तरी ते तिथेच विरलं असतं. पण घरात काचेची कांडी आली होती.

कांडी जावयाने, आयविनने, ईस्टरला आणलेली. दूधवाल्याच्या लॅक्टोमीटरची बहीण म्हणा. उंच नळीत माल्टचा गोड काढा ओतायचा, कांडी सोडायची, ती जिथे तरंगेल तिथला आकडा वाचायचा. काढा जितका गोड तितकी कांडी वर. एकदा यीस्ट टाकायच्या आधी मोजायचं, एकदा बिअर झाल्यावर. पहिल्यातून दुसरा वजा करायचा, एकशेएकतीसने गुणायचं, हजाराने भागायचं. दारूची टक्केवारी आली. ईस्टरला आयविनने स्वतः मोजून दाखवलं होतं. पहिला आकडा ऐंशी, दुसरा चौदा. साडेआठ टक्क्यांच्या वर. घरात पहिल्यांदाच बिअरचा मीटर लागला होता, आणि आस्लाकने तो आनंद कुणाला दिसू न देता दारावर लिहून टाकला.

ऑक्टोबरमध्ये त्याने सिन्नेवाच्या बरणीतून विरजण घातलं, एकट्याने मोजलं, गुणाकार केला. सहा.

परत केला. सहाच.

बिअर नव्या पिंपात काढतात त्या दिवशी शेजारीपाजारी न बोलावता चाखायला येतात, तशी रीत आहे. त्या दिवशीही आले. लाकडी वाडगा हातोहात फिरला. दुकानवाला हालवोर तिसऱ्या फेरीनंतर बाकावर आडवा झाला.

“काय झालीय रे, आस्लाक.”

“नेहमीसारखी?”

“म्हणजे?”

“म्हणजे नेहमीसारखी, की आपली ठीकठाक?”

“मला उठवत नाहीये,” हालवोर छताकडे बघत म्हणाला. “यात तुला काय ते समज.”

हालवोर इतका बरा नट आहे हे आस्लाकला त्या दिवशी कळलं. सहा टक्क्यांत माणूस आडवा होत नाही. आडवा होतो तो यजमानाला वाईट वाटू नये म्हणून. आणि सगळेच मन राखत असतील, तर सगळ्यांना काहीतरी ठाऊक आहे. त्याने कोपऱ्यात बसलेल्या सिन्नेवाकडे बघितलं. ती शेजारणीशी लोकरीबद्दल बोलत होती, आणि जरा जास्तच शांतपणे बोलत होती.

त्यानंतर तो रोज थोडा थोडा हिशोब लावत गेला. नऊ वर्षांत सिन्नेवाचं विरजण एकदा तरी नासलं असणार. मग तिने कुठून तरी दुसरं आणलं असणार, बाजारची पुडीसुद्धा असेल. संत्र्याचा वास काय, पुडीलाही आणतात हल्ली. आणि जुलैमध्ये तो तोंड पाडून दारात उभा राहिला तेव्हा तिला खरं सांगवलं नसणार. ओढ्यावरून जाता-येता ती हात हलवायची. पूर्वी इतका हलवायची का?

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो दुकानात कॉफी घ्यायला गेला.

“नाताळची कधी लावतोयस?” हालवोरने विचारलं.

“शनिवारी. पण विरजण बघतोय दुसरं. सिन्नेवाचं दमलंय.”

“कोण म्हणतं?”

“आकडा म्हणतो.”

शनिवारी सकाळपासून चुलीघर वाफेने भरलं होतं. जुनिपरच्या सुवासिक झुडपाच्या फांद्यांवरून गाळलेला काढा तांब्याच्या मोठ्या कढईत चार तास उकळून लालसर झाला होता. आस्लाकने तो खालच्या पिंपात सोडला, ओढ्याचं पाणी फिरवणारी तांब्याची वेटोळी आत बुडवली आणि पहिल्या धारेतूनच भरून घेतलेली नळी खिडकीत ठेवली. काढा गाईच्या धारेइतका कोमट झाला की यीस्ट टाकायचं. उशीर चालत नाही. फळीवर दोन वस्तू होत्या. जॅमची बरणी आणि बर्गेनहून मागवलेली एक चकचकीत पुडी.

दार न वाजवता उघडलं. सिन्नेवा. बुटांना गुडघ्यापर्यंत बर्फ.

“दार लाव, वाफ जातेय.”

“लावते. मला तेच वाचायचंय.” तिने दार लावलं, पण वाचलं नाही. पाठ टेकून उभी राहिली. “दमलंय म्हणे.”

“कोण?”

“काल हालवोरने चीज कापता कापता विचारलं, सिन्नेवा, आता कसं आहे? मी म्हटलं, गुडघा ठणकतो. तो म्हणाला, गुडघा नाही गं, विरजण.”

आस्लाक पिंप ढवळायला लागला. पिंप ढवळायची काही गरज नव्हती. “मी फक्त आकडा सांगितला.”

“मला का नाही सांगितलास? ओढ्याच्या पलीकडे तर राहते.”

“तुझ्या दारात यायचं तर पुरावा हवा.”

“आणि दुकानात बोलायला नको?”

सिन्नेवाची नजर फळीवर गेली. “ते काय आहे?”

“बर्गेनहून आलंय.”

“पुडी आहे ती.”

“पुडी आहे.”

“बोर्गहिल्डच्या कढईत पुडी.”

“बोर्गहिल्डचं काही उरलंय का, हेच तर मला कळत नाहीये,” आस्लाक म्हणाला, आणि मग थांबला नाही. “माझ्याकडचं गेलं. आता जगात असेल तर या बरणीत आहे, नाहीतर कुठेच नाही. नऊ वर्षांत कधी नासलं असेल तुझं. तू दुसरं आणलं असशील. मी दारात आलो, माझं तोंड बघितलंस आणि म्हणालीस, घे, तुमचंच आहे. दया आली असेल.”

“म्हणजे मी दयेपोटी खोटं बोलले.”

“लोक बोलतात. मीटरला चुंबक लावणारे मला सगळ्यात जास्त आग्रहाने कॉफी पाजायचे.”

सिन्नेवाने हातमोजे काढले, एकावर एक ठेवले. शाळेतही ती भांडायच्या आधी दप्तर असंच नीट लावून ठेवायची. मग खिशातून चष्मा काढून ती दाराकडे वळली.

“ईस्टर. ऐंशी आणि चौदा. ऑक्टोबर. साठ आणि चौदा.” तिने बोट ठेवलं. “हा साठ कधी घेतलास?”

“नियमाप्रमाणे. विरजण टाकायच्या आधी.”

“आधी?”

“आधीच घेतात.”

“मग माझं विरजण तेव्हा कुठे होतं?”

“बरणीत.”

“आणि बरणी?”

“फळीवर.” आस्लाकचा ढवळणारा हात थांबला.

“फळीवर बसल्या बसल्या त्याने तुझ्या पिंपातली साखर खाल्ली, असं का?” सिन्नेवा वळलीसुद्धा नाही. “गोडी आधीच कमी होती. जी होती ती खाऊन त्याने चौदावर आणून ठेवली, ईस्टरच्या तुझ्या खऱ्याखुऱ्या विरजणाने आणली होती तितकीच. मीटर वाचायचास ना रे तू? दोन आकडे असले की दोन्ही वाचतात.”

आस्लाकने फक्त शेवटचा आकडा पाहिला होता, ती टक्केवारी, आणि तिथून सरळ ओढ्यापलीकडे बोट दाखवलं होतं. पण संशय असा एका जागी बसून राहणारा नसतो. तो संशय उठला आणि दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसला.

“मग माल्ट.”

“पोतं तेच घेतलंस ना?”

“पोत्यावर तेच लिहिलंय. लिहायला काय जातं?”

“बरं. आणखी कोण?”

“कांडी. फुकट आलेल्या मीटरवर मी इतका विश्वास टाकायला नको होता.”

“म्हणजे जावई.”

“मी नाव घेतलं नाही.”

“आज किती आला आकडा?”

“एकोणसाठ. बघ ना, तिथेच आहे नळी.”

सिन्नेवाने खिडकीतली नळी उचलायला हात लावला आणि बोटं झटकली. “चटका बसतो की. ईस्टरला तो पोरगा कसा करत होता? सांगू नकोस. करून दाखव.”

“मी काय नाटकवाला आहे?”

“आयविन हो. मी तू होते. इथे उभी राहून मी संशय घेते.”

तिने खरोखरच हाताची घडी घातली आणि भुवया अशा खाली आणल्या की आस्लाकला स्वतःचा चेहरा ओळखू आला. तो नाइलाजाने सरसावला. “त्याने पहिल्या धारेतून नळी भरली. अशी. कांडी सोडणार तेवढ्यात फोन वाजला. आईचा. मग तो बोलत बोलत दाराबाहेर गेला, नळी घेऊनच, आणि पडू नये म्हणून पायरीशी बर्फात खोचली.”

“मग?”

“मग बोलत बसला. कोकराला लसूण घालायची की नाही. अर्धा तास. विरजण वाट बघतंय, मी वाट बघतोय, आणि हा लसूण. मग आत आला, नळी पुसली, कांडी सोडली आणि म्हणाला, ऐंशी.”

“अर्धा तास बर्फात,” सिन्नेवा म्हणाली.

“अर्धा तास.”

“आणि तू?”

“मी कशाला बर्फात...” आस्लाकचं वाक्य तिथेच राहिलं.

सिन्नेवाने फडक्याने नळी उचलली, दार उघडलं आणि पायरीशेजारच्या बर्फात ती गळ्यापर्यंत खोचली. कांडी आतच. “साखरेचा पाक गरम असतो तेव्हा कसा पाण्यासारखा धावतो, आणि गार झाला की चमचा उभा राहतो. माझ्या आईने जॅम कधी गरम असताना जोखला नाही.”

तोवर पिंपातली वाफ बसली होती. आस्लाकने बाही सारून कोपर बुडवलं. गाईची धार. आता थांबायला वेळ नव्हता. त्याने फळीकडे हात केला, पण सिन्नेवा आधी पोचली. बरणी उचलून तिने कोटाच्या खिशात टाकली.

“हे मी घेऊन जाते. पुडी टाक तू.”

“सिन्नेवा.”

“काय?”

“गार होतंय ते.”

“होऊ दे. जुलैमध्ये तू मागायला आलास तेव्हा मी काही विचारलं नाही. आज मागायचं तर नीट माग. दमलेलं विरजण नाही, कुणाचं आहे ते सांगून माग.”

आस्लाकने हात पुसले. पुढून पुसले, मागून पुसले. बाहेर नळीतली कांडी उघड्या दारातून दिसत होती, पण आकडा एवढ्या लांबून वाचता येत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आकड्याच्या आधी बोलायचं होतं.

“बोर्गहिल्डचं विरजण दे,” तो म्हणाला. “तू जपलेलं.”

तिने बरणी दिली. त्याने ते पिवळे पापुद्रे पिंपात सोडले. विरजण टाकताना जोरात ओरडायचं असतं. ओरडणाऱ्याच्या अंगात असेल तेवढा जोर बिअरला येतो म्हणतात. ऑक्टोबरमध्ये आस्लाक ओरडला नव्हता. आता ओरडला, पण ते खोकल्यासारखं निघालं.

“याच्यावर आमचा नाताळ काढायचा का?” म्हणत सिन्नेवाने असा काही आवाज काढला की ओढ्यापलीकडून तिच्या मेंढ्यांनी उत्तर दिलं.

मग दोघं पायरीवर आले. कांडी उठली होती. कुणी हात लावला नव्हता, कुणी साखर घातली नव्हती, आणि ती नळीतून बोटभर वर येऊन उभी होती. आस्लाक वाकला. एकोणऐंशी. तो नळीच्या दुसऱ्या बाजूने वाकला. एकोणऐंशीच.

“हा घे,” सिन्नेवाने चष्मा दिला. कांडीच्या तळाशी, कागदाच्या कडेला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात लिहिलं होतं: वीस अंश.

त्याने तिथूनच जावयाला फोन लावला.

“आयविन, कांडीवर वीस लिहिलंय.”

“हो, वीस अंशाला गार झाल्यावरच ती खरा आकडा दाखवते. मी सांगितलं नव्हतं का? आम्ही इकडे गार करूनच यीस्ट टाकतो, त्यामुळे डोक्यातच आलं नाही. तुमच्याकडे विरजण उबेलाच जातं, नाही का? तुम्ही गरम मोजत होतात का?”

“नाही,” आस्लाक म्हणाला आणि फोन ठेवला.

सिन्नेवाने त्याच्याकडे बघितलं आणि आत जाऊन पेन्सिल घेऊन आली. “लिही.”

“साठ खोडता येत नाही. दारावर खोडत नाहीत.”

“खोडायला कोण सांगतंय? खाली लिही. आणि विरजणाच्या रकान्यात काय लिहितोस ते मी बघणार आहे.”

आठवड्याने बिअर नव्या पिंपात काढली त्या दिवशी सगळे आले. नाताळच्या जेवणासाठी मेंढीच्या खारवलेल्या फासळ्या भिजत घातल्याच्या गप्पा झाल्या, वाडगा फिरला. बाहेर हिमवारा सुटला म्हणून हालवोरने उठून दार ओढून घेतलं, आणि दार लागलं की माणूस वाचतोच.

“ही नवी ओळ का? एकोणऐंशी, तेरा. साडेआठच्या वर,” तो मोठ्याने वाचू लागला. “ऑक्टोबरचा साठ माझा, गरम घेतलेला. विरजण बोर्गहिल्डचं, सिन्नेवाने नऊ वर्षं जपलेलं.” त्याने डोळे बारीक केले. “दमलेलं नाही.”

चुलीघरातली सगळी डोकी आस्लाककडे वळली.

“म्हणजे ऑक्टोबरला मी खरंच आडवा झालो होतो,” हालवोर म्हणाला. “बायकोला सांगतो. तिला वाटलं, नाटक.”

“अक्षर नीट तपासून घे रे, हालवोर,” सिन्नेवा वाडगा पुढे सारत म्हणाली. “कुणीतरी त्याच्या नावाने लिहून गेलं असेल.”

हसू ओसरल्यावर आस्लाकची नजर पेन्सिलीच्या जागेकडे गेली. ती तिथे नव्हती. चौकटीवर आडवी पडली होती आणि तिचं टोक झिजलं होतं. त्याने दाराकडे बघितलं. त्याच्या ओळीखाली, अगदी बारीक, दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात एकच शब्द होता. बरी.

अक्षर त्याने शाळेच्या बाकापासून पाहिलेलं होतं. त्याने एकदाच बघितलं आणि वाडगा घ्यायला वळला.